‘ग्रेड पाडली’ की ‘भाव पडला’? कादंबरीतलं वाक्य सिनेमात बदलतं तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्या गावाबाहेरच्या वाचकालाही वाद कळेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या वाचनालयात एक कादंबरी वर्षानुवर्षं हातोहात फिरते आहे. कापूस पिकवणाऱ्या एका घराची गोष्ट. तिची पानं सुटली, शिवली, पुन्हा सुटली. यंदा तिच्यावरचा सिनेमा तुम्ही ग्रामपंचायतीच्या सभागृहात पडदा लावून दाखवलात आणि मंडळी घरी जाताना भांडत गेली. पुस्तकातली वाक्यं सिनेमात बदललेली आहेत. जुन्या वाचकांना हा विश्वासघात वाटतो. कॉलेजातली पोरं म्हणतात, सिनेमा आहे, तो वेगळाच असणार. तुम्ही विचारता, ‘भाऊ, तुम्ही संवाद लिहिता, बोलीच्या तालमी घेता, तर कोण बरोबर ते तुम्हीच सांगा.’ कादंबरीचं नाव जाहीर लिहू नका असं तुम्ही कळवलंत, म्हणून मीही लिहीत नाही. पुस्तक माझं वाचलेलं होतंच. तुमचं पत्र आल्यावर सिनेमाही थांबवून थांबवून पाहिला.

बदललेली वाक्यं मोजून काही हाती लागत नाही. कादंबरीतलं एकही वाक्य जसंच्या तसं न ठेवता तिच्याशी इमान राखता येतं, आणि नव्वद टक्के वाक्यं उचलूनही ती बिघडवता येते. वाक्य बदललेलं दिसलं की मी एवढंच बघतो: ते कोण बोलतंय, कोणाला बोलतंय आणि त्यात दोष कोणाच्या माथी जातोय. हे जागच्या जागी असेल तर शब्द खुशाल बदलू द्या. यातलं एक जरी सरकलं, तर एखाद्या अक्षराच्या फरकानंही गोष्ट दुसरीच होते. तुमची मंडळी चार वाक्यांवर अडली आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी मी सिनेमावाल्यांच्या बाजूचा आहे आणि एका ठिकाणी तुमच्या. चौथं वाक्य तुमच्या पोरांनी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलं, आणि मला तोच सगळ्यात मोठा बदल वाटतो.

त्याआधी जुन्या वाचकांसाठी थोडा धंद्याचा हिशोब. तीनशे पानांच्या कादंबरीत पाऊण लाख शब्द सहज असतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असं आम्ही ढोबळमानानं धरतो. म्हणजे दोन तासांचा सिनेमा सव्वाशे पानांच्या आत बसवायचा, आणि त्या पानांवरही बरीचशी जागा कोण कुठून आलं, काय करतंय, यातच जाते. बोलायला उरतं फार थोडं. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली तिचा सिनेमा केला. दोन पुस्तकं एका सिनेमात येताना किती वाक्यं गळली असतील, किती जोडली गेली असतील, याचा अंदाज करा. तरीही तो सिनेमा आजवर लोकांच्या डोक्यात आहे.

दुसरी अडचण निवेदकाची. ‘श्यामची आई’त मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो. पुस्तकाचा निम्मा जीव त्या सांगण्यात आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा केला तेव्हा पडद्यावर आला तो लहान श्याम, म्हणजे माधव वझे, आणि आई झालेल्या वनमालाबाई. लहान पोराच्या तोंडी मोठ्या श्यामची वाक्यं कशी घालणार? ती एक तर सोडावी लागतात, नाही तर दुसऱ्या कोणाला द्यावी लागतात, नाही तर दृश्यातून दाखवावी लागतात. याच सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

आता तुमच्या वाक्यांकडे येतो. पहिलं आज्याचं. कादंबरीत म्हातारा आजा ओसरीवर बसून म्हणतो, ‘वावर इकतानी पयल्या डाव हात कापते, मंग सवय होते.’ म्हणजे शेत विकताना पहिल्यांदा हात थरथरतो, मग सवय होते. त्यानं स्वतः धाकट्या भावाच्या आजारपणात दोन एकर विकलेले आहेत, म्हणून त्याला तसं बोलायचा हक्क आहे. सिनेमात आजा पहिल्या अर्ध्या तासातच वारतो आणि हे वाक्य शेवटाकडे नातवाच्या तोंडी येतं. तुमचे गुरुजी चिडले, कारण विशीतल्या पोरानं जमीन विकल्याचा अनुभव कुठून आणला? पण ते दृश्य पुन्हा बघा. नातू काय म्हणतो? ‘आजा म्हणे, वावर इकतानी पयल्या डाव हात कापते.’ आणि तिथेच थांबतो. ‘आजा म्हणे’ या दोन शब्दांनी वाक्याची मालकी आज्याकडेच ठेवली आहे. उरलेलं अर्धं वाक्य, सवयीचं, तो बोलत नाही, कारण समोर सही करायला बसलेला बाप आहे. लिहिणाऱ्यानं इथे फार चांगलं काम केलंय. पुस्तकात ते वाक्य पाचव्या प्रकरणात येऊन जातं. सिनेमात ते ज्या घटकेला हवं त्याच घटकेला येतं.

अशी अदलाबदल सगळीकडे होते. तुमच्या पोरांनी हिंदीत डब केलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहिला असेल. टॉल्किनच्या पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल पीटर जॅक्सननं सिनेमात घेतलाच नाही. पण माणसं गिळणाऱ्या झाडाला दटावणारं त्याचं बोलणं २००२ सालच्या दुसऱ्या भागाच्या वाढीव आवृत्तीत ट्रीबिअर्ड या चालत्याबोलत्या झाडासारख्या पात्राला दिलं. तिकडचे वाचक त्यावर अजून वाद घालतात. मला विचाराल तर तिथेही तोच निकष लावावा. झाडाला दटावायचा अधिकार त्या पात्राला आहे का? आहे. मग चालतं.

दुसरं वाक्य सालगड्याचं. पुस्तकात तो ‘पाटील’ म्हणतो, सिनेमात ‘मालक’. यावर तुमच्याकडे बरंच बोलणं झालेलं दिसतं, कोणाला तरी भिऊन बदललं असणार म्हणून. कारण मला ठाऊक नाही, पण ते कसं बदललं हे मी सांगू शकतो. शूटिंगच्या वेळी नट ‘पाटील’च म्हणालेला असणार, नंतर डबिंगमध्ये बदल झाला. तोंड जवळून दिसत असेल तेव्हा डबिंग करताना आम्ही सगळ्यात आधी ओठ बघतो. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटलेले दिसले आणि कानावर ‘सावकार’ आलं तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते त्याला सांगता येत नाही. ‘पाटील’ची सुरुवात मिटलेल्या ओठांनी होते, ‘मालक’चीही. पुढे लगेच दोन्हीकडे ‘आ’, म्हणजे तोंड उघडतं. दोन्ही शब्द दोन झटक्यांत संपतात. अशी जोडी सापडायला कधी कधी अख्खी दुपार जाते. शिवाय सालगडी ज्याच्या घरी सालानं राहिला त्याला ‘मालक’ म्हणतोच, आपल्याकडे आजही म्हणतात. बोलणारा तोच, ऐकणारा तोच, दोघांतलं अंतरही तेवढंच. त्यामुळे माझी या बदलाला हरकत नाही.

तिसरं वाक्य आईचं. इथे मी जुन्या वाचकांच्या बाजूचा आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

कादंबरीतला प्रसंग आठवा. बाप कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन खरेदी केंद्रावर गेलेला. रांगेत रात्री काढून परत येतो. बैल सोडतो. दरवेळी तो दुपट्ट्याच्या गाठीतली पावती काढून पोराला वाचायला देतो, पोरगा मोठ्यानं आकडा वाचतो आणि घरात कोणीतरी हिशोबाला लागतं. आज तो पावती कोणालाच देत नाही. देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, चिमणीच्या दिव्याखाली सरकवून ठेवतो. आई चुलीपासून हे बघते आणि म्हणते, ‘हातपाय धुवा, भाकर वाढतो.’ प्रकरण संपतं.

सिनेमात देवळी आहे, चिमणी आहे, पावती सरकवणारा हात आहे, चुलीपासून बघणारी आई आहे. कॅमेऱ्यानं सगळं नीट टिपलंय. आणि मग ती बोलते, ‘आपल्या घामाला या देशात काही किंमतच नाही का हो?’

तुमच्या बचत गटातल्या बायांना हे वाक्य आवडलं, त्यांनी टाळ्या दिल्या असं तुम्ही लिहिलंत. त्यांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. पुस्तकातली आई तीनशे पानं सोसते, तिनं एकदा तरी तोंड उघडावं असं कोणाही बाईला वाटणारच. ‘ती किती दिवस भाकरीच वाढणार?’ हा तुमच्या त्या ताईंचा सवाल फार मोलाचा आहे. पण हे वाक्य ती कोणाला बोलते ते बघा. शेवटी ‘का हो’ आहे, म्हणजे नवऱ्याला. पण ‘या देशात’ असं कोणती बाई चुलीपुढे बसून नवऱ्याला म्हणते? ते वाक्य तुम्हाला आणि मला, खुर्चीवर बसलेल्या माणसांना, सांगितलं जातंय. त्या क्षणी ती त्या घरातून उठून सभागृहात येऊन उभी राहते आणि तिचा नवरा तिथे एकटा राहतो. एवढं मोठं बोलूनही त्याला काही उत्तर द्यावं लागत नाही, कारण त्याला काही विचारलेलंच नाही.

अशी वाक्यं कशी येतात तेही सांगतो. पटकथा झाली की सगळे गोल बसून वाचन करतात. अशा ठिकाणी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘प्रेक्षकाला कळेल ना?’ पावती देवळीत सरकवली याचा अर्थ शहरातल्या माणसाला लागेल का, ही शंका प्रामाणिक असते. मग कळावं म्हणून एक वाक्य घातलं जातं. पुढे जाहिरातीच्या तुकड्यात लावायला ‘दमदार’ संवाद हवा असतो, तेव्हा तेच वाक्य उचललं जातं आणि एकदा ते तिथे गेलं की सिनेमातून काढायची कोणाची छाती होत नाही. यात कोणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण कॅमेऱ्यानं जे आधीच सांगितलं ते तोंडानं पुन्हा सांगितलं की पहिलंही फिकं पडतं.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत हे वाक्य मी आनंदानं ठेवलं असतं. मी तिथेच लिहायला शिकलो. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं रात्रभर नाटक चालतं. मंडपात शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला देवळीतली पावती दिसत नाही. तिथे आईनं ओरडून बोललंच पाहिजे, आणि लोक त्याला शिट्ट्या देतात तेही योग्यच. सिनेमात आईचा चेहरा आपल्यापासून हातभर अंतरावर असतो. म्हणून तेच वाक्य इथे मोठं होतं आणि ती लहान होते.

तिनं बोलावंच असं ठरलं असतं तर मी काय लिहिलं असतं? रागाला धरायला वस्तू लागते. त्या घरात पोराच्या कॉलेजची फी थकलेली आहे, हे दोन प्रकरणं आधीच आलंय. मी लिहिलं असतं, ‘मंग पोट्ट्याची फी काय सरकीनं भरू?’ हे वाक्य नवऱ्यालाच लागतं, तेही अन्यायानं, कारण त्याची काही चूक नाही. त्याच्याजवळ उत्तर नाही. म्हणजे दोघंही त्या खोलीतच राहतात आणि पुढचा शांत क्षण खऱ्या अर्थानं जड होतो. बचत गटातल्या ताईंना हवा असलेला राग यात आहे की नाही, हे त्यांना विचारून मला जरूर कळवा.

आता चौथं वाक्य, किरकोळ ठरवलेलं. बंडी घेऊन परत येताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेजारी विचारतो, ‘काय झालं गा?’ पुस्तकात बाप म्हणतो, ‘ग्रेड पाडली.’ सिनेमात म्हणतो, ‘भाव पडला.’ दोन्हीकडे दोनच शब्द. तुमच्या पोरांनी म्हटलं, अर्थ एकच, शहरातल्या प्रेक्षकाला ‘ग्रेड’ कळणार नाही म्हणून सोपं केलं.

अर्थ एकच नाही. कादंबरीचा काळ एकाधिकार कापूस खरेदीचा आहे. ही योजना १९७२ साली राज्यात सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, सहकारी पणन फेडरेशनच्या केंद्रावरच आणायचा. भाव सरकार आधीच जाहीर करायचं, कापसाच्या जातीनुसार आणि प्रतीनुसार. म्हणजे बंडी केंद्रावर पोचायच्या आधीच भाव ठरलेला असे, तो त्या दिवशी पडायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी ठरायचं ते हे की तुमचा माल कोणत्या प्रतीत बसतो. आणि ते ठरवायचा ग्रेडर. तो बंडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढून दाबून बघायचा, कवडी (किडका कापूस) किती, पत्ती (पानांचा कचरा) किती, ओल किती, आणि बोलायचा. त्याच्या एका शब्दावर वर्षाचं पीक वरच्या प्रतीतून खालच्या प्रतीत जायचं. पैसे हाती लगेच येत नसत, चुकाऱ्याची वाट बघत बसावं लागे. रांगेत बैलांना टाकायला कुटार बरोबर न्यावं लागे. हे सगळं तुमच्या गावातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे.

‘ग्रेड पाडली’ म्हटलं की पाडणारा कोणीतरी आहे. त्याला हात आहे, तोंड आहे, तो टेबलामागे बसलेला आहे, आणि बापानं त्याला बघितलेलं आहे. ‘भाव पडला’ म्हटलं की कोणी काही केलंच नाही. पाऊस पडला, दवाळ पडलं, तसा भाव पडला. पुढची सगळी कादंबरी त्या ग्रेडरभोवती फिरते. बाप पुढच्या हंगामात त्याच्यासाठी तुरीची डाळ घेऊन जातो, पोराला ते बघवत नाही, बापलेकांचं बोलणं तुटतं. सिनेमातही ही दृश्यं आहेत. पण धुऱ्यावरच्या त्या दोन शब्दांनी दोष हवेत सोडून दिल्यामुळे डाळीचं दृश्य आलं तेव्हा तुमच्या सभागृहातली पोरं गोंधळली. ‘तो त्याले डाळ काऊन देऊन राहिला?’ असं कोणीतरी विचारल्याचं तुमच्याच पत्रात आहे. त्या पोराला सिनेमा कळला नाही यात त्याचा दोष नाही. ज्याच्या हातून घडलं त्याला वाक्यातून काढून टाकलं, मग त्याला डाळ कशासाठी, हे कळणार कसं?

‘ग्रेड’ हा शब्द पुण्यामुंबईच्या माणसाला कळणार नाही ही अडचण खरी आहे. पण तिचा इलाज शब्द बदलण्यात नव्हता. आधी केंद्रावरचं एक छोटं दृश्य हवं होतं. ग्रेडरचा हात बंडीत जातो, मूठ बाहेर येते, तो न बघताच कागदावर काहीतरी लिहितो. एवढं अर्धं मिनिट दाखवलं असतं तर धुऱ्यावर बापानं नुसतं ‘पाडली’ म्हटलं असतं तरी महाराष्ट्रातल्या कोणत्याही माणसाला कळलं असतं. सिनेमात केंद्राचं दृश्य आहे, पण ते रांगेचं आणि धुळीचं आहे. दिसायला देखणं आहे, पण त्यात ग्रेडर नाही.

बोलीबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंत. मला ते ओझरतं वाटत नाही. सिनेमात आई, बाप आणि नातू जवळजवळ पुस्तकी मराठी बोलतात, मधूनच एखादं ‘मले’. अस्सल वऱ्हाडी बोलतात ते दोघंच, सालगडी आणि बस स्टँडवरचा चहावाला, आणि दोघंही हसवण्यासाठी आहेत. पुस्तकात मात्र सगळं घर वऱ्हाडी बोलतं, आणि तरी सगळी माणसं वेगळी बोलतात. बाप घरात म्हणतो, ‘मी त सांगतलं त्याले.’ तोच बाप ग्रेडरपुढे म्हणतो, ‘साहेब, माल चांगला आहे जी.’ शब्द नीट करून, हात जोडल्यासारखा. पोरगा यवतमाळहून सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस ‘शाळा’ म्हणतो, तिसऱ्या दिवशी ‘शाया’वर येतो. लेखकानं हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, ते आपोआप ऐकू येतं. सिनेमानं बोली माणसाच्या पायरीवरून वाटून दिली: दुःख असलेली माणसं शुद्ध बोलणार आणि विनोदी माणसं वऱ्हाडी. आपल्या सभागृहात बसलेल्या पोराला यातून काय शिकायला मिळतं? आईचं दुःख सांगायला आपली भाषा चालत नाही, हे. एवढा मोठा बदल झाला आणि त्यावर तुमच्याकडे कोणी भांडलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

नटांना बोली शिकवताना माझा अनुभव असा की ‘मले-तुले-कायले’ बाहेरचा नट एका दिवसात उचलतो. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिली’ हेही लवकर येतं. वेळ लागतो तो वाक्याच्या शेवटाला, कुठे आवाज लांबवायचा आणि कुठे सोडून द्यायचा त्याला. आणि सगळ्यात जास्त वाद होतो तो आपल्या बायांच्या बोलण्यावर. आपल्याकडे बाई ‘मी येतो, मी वाढतो’ म्हणते. दिग्दर्शक बाहेरचा असला की म्हणतो, लोकांना चूक वाटेल, ‘वाढते’ करा. मी तिथे हटत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर ‘भाकर वाढतो’ म्हटलं तिच्या तोंडून ‘वाढते’ काढायचं म्हणजे तिला तिच्याच घरात पाहुणी करायचं. प्रेक्षकाला पहिल्या दृश्यात वेगळं वाटेल, तिसऱ्या दृश्यात वाटणार नाही.

तुमच्या एका वाचकानं लिहिलंय की ‘धग’वर सिनेमा आलाच की, त्यात बोली होती. तेवढं दुरुस्त करतो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडीतल्या संवादांसाठी नावाजलेली. २०१२ चा ‘धग’ सिनेमा, ज्यासाठी उषा जाधव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो वेगळ्याच गोष्टीवरचा आहे. नाव तेवढं सारखं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चं उदाहरण तुमच्या वादाला जास्त लागू पडेल. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही बुलढाण्याकडची कादंबरी, आणि तिच्यावरचा धीरज मेश्रामांचा सिनेमा हिंदीत आला. तिथे एकही मूळ वाक्य राहणं शक्यच नव्हतं. असे सिनेमे पाहताना ‘कोण, कोणाला, दोष कोणाचा’ एवढंच बघायचं उरतं, आणि माझ्या मते सिनेमा जोखायला ते पुरतं.

पोरांचा एक मुद्दा राहिला: लेखकानं हक्क विकले, मग तक्रार कशाची? कायद्यानं हे तितकं सोपं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानं लेखकाला हक्क विकल्यावरही काही अधिकार ठेवले आहेत. कलाकृतीची मोडतोड होऊन त्याच्या लौकिकाला बाधा येत असेल तर तो दाद मागू शकतो. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’वरून निघालेल्या ‘समय की धारा’ या सिनेमाविरुद्ध अशीच दाद मागितली होती. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यात जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा की माध्यम बदललं की काही बदल करावेच लागतात, पण मूळ कृती विकृत होईल असे बदल करता येत नाहीत. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी मात्र कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’वर आता कोणीही सिनेमा करू शकतो. २०२३ साली नवा झालाही. अशा वेळी वाक्यांवर लक्ष ठेवायचं काम जास्त करून वाचकांवरच येतं. म्हणून तुमच्या सभागृहातलं भांडण मला चांगलंच वाटतं. नुसतं ते योग्य वाक्यावर व्हावं.

सिनेमावाल्यांना पत्र लिहायचं ठरवलंय म्हणता, तर ‘पुस्तकाचा खून केला’ असं लिहू नका. ते पत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. धुऱ्यावरचं दृश्य कितव्या मिनिटाला आहे ते लिहा, पुस्तकातलं पान लिहा, आणि ग्रेडर म्हणजे कोण ते चार ओळींत लिहा. केंद्रावर स्वतः उभ्या राहिलेल्या एखाद्या आजोबांकडून ते सांगून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. संवादलेखकाला असा मजकूर कामाला येतो. पुढच्या सिनेमाच्या वेळी तो हा मजकूर काढून बघतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आणि शाळेतल्या मुलांना आधी काय द्यावं, पुस्तक की सिनेमा, या प्रश्नाचं उत्तर: अख्खं पुस्तक आधी वाचून घ्यायचा आग्रह नको. देवळीच्या प्रसंगाची दोन पानं आणि धुऱ्यावरचं एक पान मोठ्यानं वाचून घ्या. बाप, आई, शेजारी, पोरगा अशी वाक्यं मुलांत वाटून द्या, आपल्या बोलीत, लाजू देऊ नका. मग लगेच सिनेमा लावा. कुठे काय बदललं ते पोरं तुमच्याआधी सांगतील.